पेटीला दिलेला शेक

श्रावण अर्ध्यावर आला की माझ्या पियानोची एक पट्टी रुसते. मधल्या सीच्या शेजारची, डीची. दाबली की मुकाट खाली जाते आणि वर यायचं नाव घेत नाही. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थिनी माझ्याकडे अपराधी चेहऱ्यानं बघते. यंदा अन्वी होती, वय वर्षं नऊ. मी तिला म्हटलं, थांब जरा, पियानो गारठलीय. अन्वी हसायला लागली. पियानोला 'ती' म्हणतात का, असं तिनं विचारलं. शाळेत लिंग चुकलं की तिचा अर्धा मार्क जातो म्हणे.

खिडकीबाहेर पुण्याचा पाऊस पडत होता, म्हणजे पडल्यासारखं करत होता. मी तिला दुसरा धडा काढून दिला आणि तिची बोटं चालू झाली तशी हळूच तिथून निघून गेले. शिकवता शिकवता असं निघून जाणं मला आता चांगलं जमतं. कान विद्यार्थिनीपाशी ठेवायचे आणि बाकीचं आपण घाट उतरून महाडला जायचं.

महाडचा तो पावसाळा नव्वदच्या दशकातला. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली आणि त्याच्यामागोमाग मी आणि माझ्यामागोमाग पियानो, असे आम्ही तिथे पोचलो. वरंध घाटातून ट्रकनं आलेला पियानो उतरवताना अख्खी आळी जमली होती. आमच्या घरमालकीणबाई मूळच्या नाते गावच्या, बोलायला फटकळ. त्यांनी त्याला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि एवढं मोठं कपाट आणलंत पण कप्पे कुठे आहेत, असं विचारलं. मी वाजवून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, अस्सं, पेटी आहे होय. झालं. त्या दिवसापासून आळीत त्याचं नाव मोठी पेटी पडलं. 'तो पियानो' उंबऱ्याबाहेर राहिला आणि घरात 'ती पेटी' आली. एका व्याकरणाच्या चुकीनं पुढे काय काय होणार आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं.

मी त्या वेळी कार्यक्रम करणारी बाई होते. पुण्यात शिकले, मुंबईत वाजवायला लागले. थोडं नाव व्हायला लागलं होतं, म्हणजे आयोजक माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर लिहायला लागले होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत माझ्या एकटीचा कार्यक्रम ठरला होता. अख्खी संध्याकाळ माझी. त्या तारखेसाठी मी दोन वर्षं थांबले होते. बाळंतपण जुलैत, कार्यक्रम नोव्हेंबरात, मधे चार महिने. सगळं बसत होतं.

त्या पावसाळ्यात माझा तो कार्यक्रम गेला, हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. कोकणातल्या दमट हवेनं पियानो फुटला, एवढं सांगितलं की लोक हळहळतात आणि विषय संपतो. त्याच पावसाळ्यात माझ्या एका वाक्यानं दुसऱ्या एका बाईचं काय जायची वेळ आली होती, ते मात्र मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

तिचं नाव भागीरथी. सगळे भागीकाकी म्हणत. पोलादपूरच्या वर डोंगरात कुडपण आहे, तिथली. चाळीसएक वर्षं सुईणपण केलेली बाई. पावसात डोंगरावरून बाळंतिणीला खाली आणणं जमायचं नाही, तेव्हा भागीकाकीचे हात हाच तिथला दवाखाना. अलीकडे वय झालं म्हणून पावसाळ्यात ती महाडला धाकट्या लेकाकडे यायची आणि आळीतल्या बाळंतिणींना आणि पोरांना न्हाऊमाखू घालायची. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे माहेरचं बाळंतपण नव्हतं. घरमालकीणबाईंनी तिसऱ्या दिवशी भागीकाकीला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि म्हणाल्या, ही सांगेल ते ऐकायचं.

ते दिवस मला सलग आठवतच नाहीत. भर दुपारी अंधार. कौलांवर पावसाचा एकच एक आवाज, दिवसभर, रात्रभर, इतका की तो थांबला तर दचकून जाग यायची. बाजेवर मी, कुशीत सई, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. त्यावर भागीकाकी ओवा टाकायची, वावडिंग टाकायची, चिमूटभर ऊद. धूर गोधडीच्या आत शिरायचा. पाठ शेकून निघायची आणि मी अर्धवट झोपेत कुठल्या कुठे तरंगत जायची. माझ्या आयुष्यात इतकी निवांत मी पुन्हा कधी झाले नाही.

अंगाला तेल लावताना ती माझी बोटं एकेक करून ओढायची, कडकन आवाज यायचा आणि मी हात मागे ओढायची. ही बोटं मला जपायला लागतात, असं मी तिला एकदा समजावून सांगितलं. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली. ह्या बोटांना टाळ्या पडतात म्हणं, असं म्हणून तिनं त्यातलंच एक पुन्हा ओढलं.

सव्वा महिना पेटीला हात लावायचा नाही, हा तिचा हुकूम. गार पट्ट्यांना हात लावला की सांध्यात वात धरतो. मी गोधडीवर बोटं नाचवून सराव करायची. तिला वाटायचं मी पोरीला थोपटतेय, तर थोपटायची पद्धत चुकली म्हणून ती मला रागवायची.

पियानोला दमट हवा सोसत नाही. म्हणून माझ्या बाईंनी, ज्यांच्याकडे मी पुण्यात शिकले त्यांनी, एक युक्ती सांगितली होती. पियानोच्या पोटात चाळीसचा एक बल्ब सतत पेटता ठेवायचा, तेवढी ऊब पुरते. सुधीरनं तसा बल्ब टांगला होता. भागीकाकी पहिल्या दिवशीच त्या उजेडाकडे बघत राहिली होती. हे कशाला, तिनं विचारलं. सुधीर म्हणाला, तिला गारठा लागू नये म्हणून. तिला ते लगेच पटलं. तिच्या दृष्टीनं घरात आम्ही दोघी नव्हे, तिघी होतो.

श्रावणात एकदा वीज गेली ती चार दिवस आलीच नाही. सावित्री नदीला पाणी चढलेलं, बाजारपेठेतल्या लोकांनी सामान माळ्यावर टाकलेलं, आमची आळी उंचावर म्हणून नुसती अंधारात. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. सई झोपली होती, भागीकाकी मागच्या पडवीत दुपटी वाळवत होती. मी उठून पियानोचं झाकण उघडलं आणि एक साधी चाल वाजवायला घेतली. पट्ट्या खाली गेल्या त्या गेल्याच. दहा-बारा पट्ट्या तशाच खाली बसून राहिल्या आणि ज्या वर आल्या त्यांचा आवाज ओल्या लाकडाचा. मला रडू कोसळलं. बाळंतिणीचं रडू, त्याला कारण लागतंच असं नाही, पण इथे ते होतं. नोव्हेंबर माझ्या डोळ्यांसमोर होता.

भागीकाकी येऊन मागे उभी राहिली. सव्वा महिना झाला नव्हता, तरी रागावली नाही. काय झालं म्हणाली. मी म्हटलं, गारठलीय, बोलत नाही. तिनं पियानोच्या लाकडावर पालथा हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "व्हय गो," ती म्हणाली, "गार पडल्ये पार."

दुसऱ्या दिवशी न्हाणं झाल्यावर मी झोपले, ती ओव्याच्या वासानं जागी झाले. शेगडी माझ्या बाजेखाली नव्हती. धूर बाहेरच्या खोलीतून येत होता. बाहेर जाऊन बघते तर पियानोवर माझी गोधडी पांघरलेली, खालची फळी काढून ठेवलेली, आणि पायांशी, पोटाच्या बरोबर खाली, लालभडक निखाऱ्यांची शेगडी. भागीकाकी जवळ मांडी घालून बसली होती आणि निखाऱ्यांवर ओवा टाकत होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं, मला शेक मिळाला नाही म्हणून मी नाराज आहे. तुझं झालं की आता, हिचं राह्यलेलं, असं ती म्हणाली. बल्बाचा शेक चालतो तर इस्तवाचा का नाही चालणार, हा तिचा साधा सवाल होता. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं.

आणि पट्ट्या सुटल्या. संध्याकाळपर्यंत एकूण एक पट्टी वर आली. पुढचे तीन दिवस मी जे वाजवलं, तसं त्याआधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. घरभर ओवा आणि ऊद, बाहेर पाऊस, सई भागीकाकीच्या पायांवर तेलानं चमकत पडलेली, आणि पियानोचा आवाज गोल, उबदार, जरासा धुरकट. भागीकाकी रोज दुपारी पेटीला शेक द्यायची. तो तिचा मान होता. मी तिला अडवलं नाही. मला ठाऊक होतं की लाकडाला अशी आच लावू नये. शिकलेली मी होते, भागीकाकी नव्हे. तरी मी अडवलं नाही, कारण मला नोव्हेंबर हवा होता.

चौथ्या दिवशी सकाळी काड्कन आवाज आला, सुकलेली फांदी मोडावी तसा. मी खालचा सूर दाबला तर तो घोगरा होऊन थरथरत राहिला. झाकण उघडलं. तारांमागची ती मोठी फळी, जिच्यामुळे पियानोला आवाज असतो, ती वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती.

भागीकाकी सईला तेल लावत होती. मी तिच्याकडे वळले. ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणं विसरता येतं.

"काकी, तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावलात?"

तिनं सईचं न्हाणं पुरं केलं, टाळू भरली, दुपट्यात घट्ट गुंडाळून माझ्या हातात दिली. उद्यापासून येऊ नका, असं मी म्हटलं. ती मान हलवून गेली. जाताना शेगडीतले निखारे तिनं आठवणीनं विझवले.

गणपती झाल्यावर मुंबईहून ट्यूनर आले, गोव्याकडचे म्हातारे गृहस्थ. झाकण उघडून त्यांनी आत नाक घातलं आणि म्हणाले, हिला ओवा कोणी खायला घातला? मी सांगितलं तेव्हा त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. फळी बदलावी लागेल, वर्ष जाईल, असं त्यांनी सांगितलं. आसपास कुठे दुसरा पियानो नव्हता आणि अंगावर पिणारी पोर घेऊन मी रोज सरावाला जाणार कुठे? मी मुंबईला नकाराचं पत्र पाठवलं. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी ती संध्याकाळ मिळाली. पुढे मीही वाजवलं, नाही असं नाही, कुणाच्या साथीला, कुणाच्या शाळेत. पण अशा संध्याकाळी मागून मिळत नाहीत. त्या दिवसांत मी भागीकाकीवर इतकी चिडले होते की ओव्याचा डबासुद्धा घरातून बाहेर काढला. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं मी सुधीरला ऐकवायची. जळण्याच्या बाबतीत जगात आपण एकट्याच आहोत असं तेव्हा वाटायचं.

दिवाळीनंतर घरमालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. आळीत एक बाळंतीण होती, तिच्यासाठी त्या भागीकाकीकडे गेल्या होत्या, तर ती आली नाही. कुणाकडेच जात नाही म्हणे. कुडपणला परत गेलीय आणि तिथे तिची सून सुमन बाळंत व्हायची आहे, तिलासुद्धा शेजारणीच्या हवाली करणार आहे. "विचारलं तर म्हणते, मला कळत नाय," घरमालकीणबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं पोरं काढली हिनं, आणि म्हणते कळत नाय. वेड लागलं का काय तिला?"

माझं वाक्य होतं ते. जसंच्या तसं.

मी रात्रभर ते मनात वाजवून पाहिलं. शिकताना माझ्या बाईंनीही मला एकदा असंच काहीतरी सुनावलं होतं आणि मी सहा महिने पियानोकडे फिरकले नव्हते. पण मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, मला परत यायला वेळ होता. भागीकाकी साठीची. तिनं हात आवरते घेतले ते घेतले असते. आणि वर डोंगरात तिच्याशिवाय होतं कोण?

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ज्या दिवशी मी मुंबईच्या मंचावर असायला हवी होते त्याच दिवशी, मी सईला घेऊन कुडपणला निघाले. पोलादपूरहून जीप जाईल तिथवर जीप, पुढे पायी. सुधीर सईला पाठीशी बांधून पुढे चालला होता. वर पोचलो तर पठारभर ऊन आणि गार वारा. नाचणीची झोडणी चालली होती. काठ्यांचा ठेका लांबून ऐकू येत होता, दोन जड, एक हलका. भागीकाकी अंगणात सुपानं नाचणी पाखडत होती. माझ्याकडे बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि आधी सईला घेतलं. तिचे पाय चाचपले, पाठ चाचपली. तेल लावत नायस, असं म्हणून मोकळी झाली.

घरात सुमन सहा दिवसांची बाळंतीण होती. शेजारची बाई शेक द्यायला आत-बाहेर करत होती. बाळ सारखं रडत होतं आणि भागीकाकी त्या दाराकडे बघतसुद्धा नव्हती.

मी तिची माफी मागितली. चूक माझी होती, मला ठाऊक असून मी तुम्हाला थांबवलं नाही, असं सगळं सांगितलं. ते तीन दिवस कसे होते तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तू खोटं नाय बोललीस," ती म्हणाली. "लाकडाचं कळलं नाय मला. मग माणसाचं काय कळत असंल? इतकी वर्सं नशिबानं निभावलं."

माफी मागून जे मिळतं ते मला मिळालं होतं, तिला काहीच मिळालं नव्हतं. सई शिंकली. तिला खरोखरच आठवडाभर सर्दी होती. मी म्हटलं, काकी, मला शेक द्यायला शिकवा. महाडला आता हिला कोण देणार? विस्तव किती घ्यायचा, तेवढं तरी सांगा.

ती बराच वेळ उठली नाही. मग सईला माझ्या मांडीवर ठेवून उठली आणि चुलीतले निखारे शेगडीत घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवले. मी बोटं पुढे केली. तिनं माझा हात धरला आणि उलटा केला.

"बोटांनी नाय. बोटांना सवय झालेली असते, ती खोटं बोलतात. मनगटाच्या आतल्या अंगानं बघ."

माझं मनगट तिनं निखाऱ्यांवर धरलं, शेजारी स्वतःचं. मी चटकन हात मागे घेतला. जादा हाय ना, असं म्हणून तिनं निखाऱ्यांवर मूठभर राख पसरली. पुन्हा धरायला लावलं. मला आता बरं वाटत होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा राख. मला वाटतं मी आयुष्यात शिकवायला शिकले ती तिथेच. माझ्या बाईंनी मला चूक झाली की सांगितली होती, पुष्कळदा पट्टीनंही सांगितली होती. पण बरोबर किती ते कळेपर्यंत माझ्या हाताशेजारी आपला हात धरून कुणी बसलं नव्हतं. आज माझ्याकडे शिकणाऱ्या मुली पहिल्या वर्षी माझ्या मनगटावर मनगट ठेवून वाजवतात. लोक त्याला माझी पद्धत म्हणतात.

झोडणीच्या काठ्या थांबल्या होत्या. आम्ही दोघी तशाच बसलो होतो, शेगडीवर दोन मनगटं. ऊब हळूहळू खाली येत होती, सूर लागताना येतो तशी. आणि मग ती आली.

"आता," मी म्हटलं. त्याच क्षणी तीही म्हणाली, "आता."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिनं आपलं मनगट वळवून बघितलं, जणू ते बऱ्याच दिवसांनी तिच्या हाताला लागलं होतं.

तेवढ्यात शेजारीण चुलीपासून दुसरी शेगडी घेऊन निघाली, भरलेली, लालभडक. आत बाळ रडत होतं. भागीकाकी उठली.

"थांब गो. राख कुठाय तिच्यावर?"

शेजारीण थांबली. भागीकाकीनं मूठभर राख घेतली, निखाऱ्यांवर पसरली, मनगट धरलं. पुन्हा थोडी. मग शेगडी तिच्या हातातून आपल्या हातात घेतली.

"सर तू. मी देते."

ती आत गेली. मी सईला घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले. आतून बाज सरकवल्याचा आवाज आला, सुमन काहीतरी म्हणाली आणि हळूहळू बाळाचं रडं उतरत गेलं. वारा सुटला होता. भागीकाकीनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि पूर्वी रागवायची तशी रागावली.

"बघत काय उभी? दार लोट, गारठा येतो आत."

मी दार लोटून घेतलं.